नऊ दिवसांचे कोरे पान

दौडत्या घोड्याची ती बारा छोटी चित्रे तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेली आहेत. गडद रंगाची घोडी, पाठीवर वाकलेला स्वार, मागे पांढरी भिंत आणि तिच्यावर अंतर मोजण्यासाठी मारलेल्या उभ्या रेघा. मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात ती असतात, सिनेमाच्या इतिहासावरच्या कुठल्याही ग्रंथात पहिल्या दहा पानांत असतात. ती चित्रे टिपणारा एडवर्ड मायब्रिज हा माणूस मात्र आपल्याला फारसा ठाऊक नसतो. ज्यांना ठाऊक असतो, त्यांना त्याच्या नावावरच्या आणखी दोन नोंदीही माहीत असतात. एक म्हणजे तरुणपणी डोक्याला झालेली जबर दुखापत आणि दुसरी म्हणजे चौदा वर्षांनी त्याने केलेला खून. पहिलीमुळे दुसरी घडली का, हा प्रश्न अमेरिकेतल्या एका छोट्या गावातल्या बारा ज्युरींपुढे १८७५ साली आला होता. त्यांनी तो सोडवला नाही, बाजूला सारला. आपण तो पुन्हा हाती घेऊन पाहू.

मायब्रिज जन्माने इंग्रज. लंडनजवळ थेम्सच्या काठी किंग्स्टन नावाचे जुने गाव आहे, तिथे ९ एप्रिल १८३० रोजी तो जन्मला. वडील धान्य आणि कोळशाचे व्यापारी, ते मुलाच्या तेराव्या वर्षी वारले. मूळ आडनाव मगरिज. विशीत अमेरिकेला गेल्यावर ते आधी मायग्रिज झाले, मग मायब्रिज. आपल्या पहिल्या नावाचे स्पेलिंगही त्याने पुढे बदलले आणि किंग्स्टनला राज्याभिषेक झालेल्या जुन्या सॅक्सन राजांच्या धर्तीवर ते लिहू लागला. गावात त्या राजांची नावे कोरलेली शिळा आहे, तिच्यावरून त्याने ते उचलले असावे. नाव इतक्या वेळा बदलणारा माणूस आपल्या बँकेत खाते उघडायला आला असता तर आमचा साहेब हैराण झाला असता. असो.

१८५५ च्या सुमारास तो सॅन फ्रान्सिस्कोत स्थिरावला. सोन्याच्या मागे धावत आलेल्या लोकांचे ते शहर. हा मात्र पुस्तके विकायला बसला. लंडनच्या प्रकाशकांची एजन्सी होती, दुकान चांगले चालत होते. त्या दिवसांतला मायब्रिज मित्रांना आठवतो तो हसतमुख, व्यवहाराला चोख, कपड्यांत नीटनेटका असा. हे वर्णन लक्षात ठेवा, कारण पुढे त्यावर एका माणसाचा जीव टांगणार आहे.

१८६० च्या उन्हाळ्यात तो युरोपला निघाला. जहाज चुकले. तेव्हा त्याने खुष्कीचा रस्ता धरला आणि २ जुलैला बटरफील्ड कंपनीच्या टपालगाडीत बसला. त्या काळी अमेरिकेच्या पश्चिम टोकापासून मिसुरीपर्यंत रेल्वे नव्हती. घोडे जोडलेल्या या गाड्या टपालाबरोबर माणसेही नेत. प्रवास तीन आठवड्यांचा, रात्रंदिवस, ठरावीक ठाण्यांवर जनावरे बदलत. टेक्सासमध्ये एका ठाण्यावरून गाडी सुटली आणि थोड्याच वेळात ताजे जोडलेले घोडे उधळले. उतारावर ब्रेक लागेनात. गाडी आदळून फुटली, माणसे दगावली. मायब्रिज बाहेर फेकला गेला आणि त्याचे डोके आपटले.

त्याला स्वतःला यातले काही आठवत नव्हते. अपघाताआधी वाटेवरच्या एका ठिकाणी घेतलेले जेवण आठवत होते, आणि त्यानंतर थेट आर्कान्सामधल्या फोर्ट स्मिथ गावातली खाट. मधले नऊ दिवस पुसले गेले होते. अपघाताच्या जागेपासून फोर्ट स्मिथ सुमारे दीडशे मैल, म्हणजे खडबडीत रस्त्याने कुणीतरी त्याला तिथवर आणले, अंथरुणावर घातले, पाणी पाजले. तो कदाचित त्यांच्याशी बोललाही असेल. पण त्याच्या वहीत ते पान कोरेच राहिले.

हे कोरे पान आज कुठल्याही मेंदूच्या डॉक्टरला बरेच काही सांगून जाईल. डोक्याला मार लागल्यावर माणूस किती वेळ बेशुद्ध होता यापेक्षा पुढे किती काळ त्याच्या डोक्यात नव्या आठवणी साठत नव्हत्या, याला वैद्यकात फार महत्त्व आहे. तासाभराच्या आतला विसर सौम्य मानतात, दिवसाच्या वर गेला की दुखापत गंभीर, आणि सात दिवसांच्या वर गेला की अतिगंभीर. मायब्रिजचे नऊ दिवस. त्याखेरीज त्याच्या तक्रारी अशा होत्या: एकाच्या जागी दोन वस्तू दिसणे, वास आणि चव जाणे, विचारांचा धागा तुटणे. शिवाय केस अकाली पांढरे झाल्याचे लोक सांगत, ते मी सोडून देतो. पण वास जाणे सोडण्यासारखे नाही.

नाकाच्या वर, दोन्ही डोळ्यांच्या खोबण्यांच्या मधोमध कवटीच्या हाडाला चाळणीसारखी बारीक भोके असतात. वासाच्या नसांचे केसाहून बारीक तंतू त्यांतून वर मेंदूत जातात. मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो. तो पाण्यात तरंगणाऱ्या लोण्याच्या गोळ्यासारखा असतो. डोके वेगात जाऊन एकदम थांबले की हाड थांबते, मेंदू थांबत नाही. तो पुढे सरकतो, मागे हेलकावतो, आणि हे तंतू सुतासारखे तटातट तुटतात. त्याच वेळी मेंदूच्या पुढच्या भागाचा तळ डोळ्यांच्या खोबण्यांवरच्या खरबरीत हाडावर घासला जातो. त्या तळाला डॉक्टर ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्स म्हणतात. हात हलवणे, बोलणे, हिशेब करणे ही त्याची कामे नव्हेत. रागाला आवर घालणे, समोरच्याचा चेहरा पाहून शब्द गिळणे, धोका ओळखून पाऊल मागे घेणे, थोडक्यात ज्याला आपण पाचपोच म्हणतो, त्यात त्याचा मोठा वाटा असतो. त्यामुळे अपघातानंतर वास गेलेला माणूस चालतो-बोलतो, सह्या करतो, तरी त्याच्या स्वभावाकडे लक्ष ठेवावे, असे जाणते डॉक्टर सांगतात.

आमच्या एका शाखेत एक हेडकॅशियर होते. स्कूटरवरून पडले, दोन दिवस इस्पितळात राहिले, डोक्याचा फोटो ठीक आला आणि महिन्याभरात कामावर रुजू झाले. रोख कधी एका रुपयाने चुकली नाही. पण ज्या माणसाने वीस वर्षांत आवाज चढवला नव्हता, तो काउंटरवरच्या म्हाताऱ्या पेन्शनरांवर खेकसू लागला. त्यांच्या पत्नीने एकदा सहज सांगितले की, दूध करपून धूर झाला तरी ह्यांना शेजारी बसून कळत नाही. आम्ही तक्रारींची फाईल वाढवत होतो आणि उत्तर त्या माउलीच्या स्वयंपाकघरात होते. आपल्याकडे डोक्याच्या दुखापतींत सर्वांत मोठा वाटा रस्त्यावरच्या अपघातांचा, त्यातही दुचाकीचा, आणि त्याखालोखाल पडण्याचा, म्हणजे बाथरूममध्ये घसरलेल्या आजी-आजोबांचाही. त्यामुळे असे हेडकॅशियर पुष्कळ घरांत असणार.

मायब्रिजकडे वळू. फोर्ट स्मिथमध्ये तो तीन महिने होता, मग न्यूयॉर्कमध्ये उपचार. टपालगाडीच्या कंपनीवर त्याने दहा हजार डॉलरचा दावा लावला आणि अडीच हजारांवर तडजोड झाली. दाव्याचा हा कागद मला फार मोलाचा वाटतो, त्याचे कारण पुढे येईल. नंतर तो इंग्लंडला आईकडे गेला. तिथे त्याला विल्यम गल यांनी तपासले. हे पुढे व्हिक्टोरिया राणीचे डॉक्टर झाले. त्यांच्याजवळ औषध नव्हते, कुणाजवळच नव्हते. मेंदूचा कोणता भाग काय करतो याची ओळख तेव्हा कुठे होऊ लागली होती. १८६१ सालीच पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी वाचा गेलेल्या रुग्णाच्या मेंदूतली जखम दाखवली होती. गल यांनी बौद्धिक काम सोडून उघड्या हवेत राहण्याचा सल्ला दिला, असे सांगतात. पुस्तकविक्या मायब्रिज फोटोग्राफर झाला तो याच वर्षांत.

१८६७ मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोला परतला तो निराळाच माणूस. हेलिऑस, म्हणजे सूर्यदेव, असे टोपणनाव घेऊन तो योसेमिटीच्या दऱ्याखोऱ्यांत फिरू लागला. त्या काळची फोटोग्राफी म्हणजे हमाली. मोठाल्या काचा, रसायनांच्या बाटल्या, अंधारा तंबू, सगळे खेचरांवर लादून डोंगर चढायचे. काचेला कलोडियन फासायचे आणि ते ओले असतानाच फोटो घेऊन लगेच धुवायचे. कलोडियनमध्ये ईथर असते, त्याच्या उग्र दर्पाने डोके उठते. वास गेल्याची तक्रार करणाऱ्या माणसाने हाच धंदा पत्करावा! त्याची चित्रे मात्र विलक्षण होती. हजारो फूट खोल दरीवर पुढे आलेल्या कड्याच्या टोकाशी, पाय खाली सोडून, खुशाल बसलेला त्याचा स्वतःचा एक फोटो आहे. पाहताना आपल्या पोटात गोळा येतो, त्याच्या येत नव्हता. जुन्या मित्रांना आता तो लहरी, चिडका आणि कपड्यांबाबत बेफिकीर वाटू लागला. ठरलेल्या कामाचे पैसे समोर असताना, देखावा मनास येत नाही म्हणून तो काम सोडून देई. आता हे शेवटचे लक्षण मेंदूच्या जखमेचे म्हणायचे की कलावंताचे? मी चाळीस वर्षे कादंबऱ्या लिहिणाऱ्यांत वावरलो आहे. डोके कधीही न आपटलेल्या अनेकांत मी ते पाहिले आहे.

१८७१ साली, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, त्याने फ्लोरा नावाच्या वीस-एकवीस वर्षांच्या घटस्फोटित मुलीशी लग्न केले. तो महिनोन्‌महिने डोंगरांत. घरी एकटी पडलेली फ्लोरा नाटकांना जाऊ लागली, आणि तिला घेऊन जाणारा होता हॅरी लार्किन्स, एक बोलघेवडा नाट्यसमीक्षक. एप्रिल १८७४ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव फ्लोराडो. ऑक्टोबरमध्ये सुईणीच्या घरी मायब्रिजच्या हाती त्या बाळाचा फोटो पडला. तो त्याने पूर्वी पाहिला नव्हता. मागच्या बाजूला फ्लोराच्या अक्षरात हॅरीचे नाव होते.

१७ ऑक्टोबर १८७४. त्या दिवशी त्याने काय केले ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. दुपारी तो फेरीबोटीने खाडी ओलांडून गेला, मग आगगाडीने कॅलिस्टोगाला, तिथून रात्रीच्या अंधारात भाड्याच्या बग्गीने डोंगरातल्या खाणीवरच्या घराकडे. लार्किन्स तिथे मुक्कामाला होता. दार ठोठावून त्याने त्याला बाहेर बोलावले, स्वतःचे नाव सांगितले आणि गोळी झाडली. लार्किन्स जागीच संपला. मायब्रिजने पिस्तूल दिले, घरातल्या बायकांची त्रासाबद्दल माफी मागितली आणि शांतपणे स्वाधीन झाला.

वकिलांनी नापाच्या कोर्टात वेडाचा बचाव घेतला. जुने मित्र साक्षीला आले. अपघातापूर्वीचा हसतमुख मायब्रिज आणि नंतरचा विक्षिप्त मायब्रिज, कड्याच्या टोकावरची बैठक, नाकारलेले पैसे, सगळे ज्युरीपुढे मांडले गेले. बँकेत कर्जाच्या अर्जासोबत येणाऱ्या शिफारसपत्रांकडे ज्या नजरेने आम्ही पाहत असू, त्याच नजरेने या साक्षींकडे पाहावे लागते. मित्राच्या गळ्याभोवती दोर असताना मित्र काय सांगणार? पण म्हणूनच तो १८६० नंतरचा नुकसानभरपाईचा दावा महत्त्वाचा. खुनाच्या कितीतरी वर्षे आधीचा हा कागद आहे. दुखापत खटल्यासाठी रचलेली नव्हती, एवढे तो निर्विवाद सिद्ध करतो. स्वभाव किती बदलला, हे मात्र त्या कागदात नाही.

गंमत अशी की आरोपीलाच हा बचाव पसंत नव्हता. तुरुंगात भेटलेल्या बातमीदाराला त्याने साफ सांगितले होते की, आपण काय करतो आहोत हे आपल्याला पुरते कळत होते. कायद्याचा कस तरी तोच होता. कृत्याचे स्वरूप आणि ते चूक आहे हे कळत होते की नाही, हा इंग्लंडमध्ये १८४३ साली घातलेला दंडक अमेरिकेतही चाले. आपल्या भारतीय दंडविधानाच्या ८४व्या कलमातही तोच उतरला. योगायोग पाहा, तो कायदा झाला १८६० साली, मायब्रिजचे डोके फुटले त्याच वर्षी. २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत तो २२वे कलम म्हणून आहे. पण मेंदूच्या पुढच्या तळाची जखम या चाळणीत सापडत नाही. असा माणूस वेळापत्रक पाहतो, तिकीट काढतो, चूक-बरोबर सांगू शकतो. फक्त ऐन क्षणी लगाम खेचणारा हात दुबळा झालेला असतो. फेरीबोट, आगगाडी आणि बग्गी मिळून झालेला तो सात-आठ तासांचा प्रवास मला म्हणूनच अडचणीत टाकतो. क्षणाचा तोल जाणे वेगळे, आणि खाडीचा गार वारा अंगावर घेऊनही न निवणारा राग वेगळा. तसा राग धडधाकट मेंदूलाही येतो. रोजचे वर्तमानपत्र त्याची साक्ष आहे.

फेब्रुवारी १८७५ मध्ये ज्युरींनी निकाल दिला. तो वेडा नाही, त्यांनी ठरवले. आणि दोषीही नाही! बायकोला नादी लावणाऱ्याला नवऱ्याने मारले, आम्हीही हेच केले असते, असा त्यांचा हिशेब. न्यायाधीशांनी तसा विचार कायद्यात बसत नाही असे बजावले होते, ते त्यांनी मनावर घेतले नाही. मुंबईकर वाचकांना इथे नानावटी खटला आठवणारच. १९५९ साली तिथेही ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष म्हटले होते. फरक एवढाच की आपल्या हायकोर्टाने तो निकाल फिरवला. निकाल ऐकताच चार महिने दगडासारखा थंड असलेला मायब्रिज कोसळला आणि हुंदक्यांनी त्याचे सारे अंग आकडी आल्यासारखे थरथरू लागले. त्याला धरून बाहेर न्यावे लागले.

मला विचाराल तर या निकालात मेंदूवर अन्याय झाला त्याहून मोठा फ्लोरावर झाला. ज्युरीने तिला विचारात घेतले ते केवळ एका पुरुषाची दुसऱ्याने नेलेली वस्तू म्हणून. मायब्रिज मध्य अमेरिकेच्या दौऱ्यावर निघून गेला. ती पोटगीसाठी कोर्टाचे उंबरे झिजवत असताना आजारी पडली आणि जुलै १८७५ मध्ये चोविसाव्या वर्षी वारली. पुढल्या वर्षी बापाने मुलाला अनाथाश्रमात ठेवले. फ्लोराडो मोठा होऊन शेतांवर आणि बागांत मजुरी करत जगला, १९४४ साली सॅक्रामेंटोत मोटारीखाली सापडून गेला. त्याचे फोटो पाहणारे म्हणतात, चेहरा मायब्रिजचाच होता.

आणि आता ती घोडी. रेल्वेचा धनाढ्य मालक लेलंड स्टॅनफर्ड याला कळायला हवे होते की, धावताना घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमीन सोडतात का. पैज लागली होती ही दंतकथा आहे, तिला पुरावा नाही. जून १८७८ मध्ये पालो आल्टोच्या मैदानात मायब्रिजने बारा कॅमेरे ओळीने, सत्तावीस-सत्तावीस इंचांवर मांडले आणि घोडीच्या पायांनीच दोऱ्या तोडून एकेक झडप उघडेल अशी युक्ती केली. पाय सुटतात, हे दिसले. पण चित्रकार रंगवत आले तसे पुढे-मागे ताणलेले असताना नव्हे, तर पोटाखाली गोळा केलेले असताना. पुढे त्याने ही चित्रे काचेच्या चकतीवर चढवून पडद्यावर फिरवली, आणि सिनेमाची वाट उघडली. फिलाडेल्फियाच्या विद्यापीठात वर्षानुवर्षे राबून १८८७ साली ७८१ मोठ्या पानांचा संग्रह काढला. माणसे, घोडे, उंट, पायऱ्या चढणारी बाई. ज्याला विचारांचा धागा सापडत नाही म्हणून डॉक्टरकडे नेले होते, त्याचे हे काम.

२००२ साली आर्थर शिमामुरा या कॅलिफोर्नियातल्या मानसशास्त्रज्ञाने ही सारी लक्षणे एकत्र मांडून, मायब्रिजच्या मेंदूच्या त्याच पुढच्या तळाला इजा झाली असावी असा लेख लिहिला. बंधने सैलावल्याने त्याची कल्पकताही मोकळी झाली असेल, असेही त्यांनी सुचवले. पहिला भाग मला पटतो. दुसऱ्यापाशी मी थबकतो. डोके फुटल्याने प्रतिभा येत असती तर आपल्या हमरस्त्यांवर दरवर्षी किती कलावंत निपजले असते! या माणसाकडे जखमेपूर्वीही हुशारी होती आणि उघड्यावर राबण्याची नवी दिनचर्या त्याला जखमेनंतर मिळाली. त्याने मेंदू सावरला असेल. मेंदू सावरतो, वर्षानुवर्षे, हळूहळू, कामाच्या आणि माणसांच्या आधाराने. हे आता डॉक्टर सांगतात, आणि आमच्या हेडकॅशियरांच्या पत्नीने ते करूनही दाखवले. ते निवृत्तीपर्यंत नीट नोकरी करून गेले, काउंटरवर मात्र पुन्हा बसले नाहीत.

कवटीत लोखंडी पहार घुसूनही जगलेल्या फिनियस गेज या मुकादमाची गोष्ट पुष्कळांनी वाचली असेल, ती १८४८ सालची. त्याची कवटी आज बोस्टनच्या संग्रहालयात आहे, संशोधकांनी ती यंत्राखाली घालून पहारीची वाट मोजली. मायब्रिजच्या बाबतीत तीही सोय नाही. १८९४ साली तो किंग्स्टनला परतला, नातलगांच्या बागेत अमेरिकेतल्या मोठ्या सरोवरांची छोटी प्रतिकृती खोदण्यात रमला आणि ८ मे १९०४ रोजी गेला. वोकिंग गावी त्याचे दहन झाले. तिथल्या दगडावर त्याचे आडनाव मेब्रिज असे चुकीचे कोरलेले आहे.